टॉन्सिल काढायचे आहेत : कोल्ड स्टील की कोब्लेशन? घर गगनबावड्याकडे

घाटवाट

मुलगा ६ वर्षांचा, वजन १८ किलो. रोज रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो, मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून घेतो. तापासकट घसा सुजणं गेल्या वर्षी चार वेळा, त्याच्या आदल्या वर्षी तीन वेळा. टॉन्सिल ग्रेड ४ लिहिलेत, म्हणजे दोन्ही जवळजवळ मध्यावर भेटतात. एक्स-रेत अॅडेनॉइडही (नाकामागची गाठ) मोठं दिसतंय.

कोल्हापुरात दोन कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलं. एकजण म्हणतात, साध्या हत्यारांनी कोल्ड स्टील पद्धतीनं काढू. दुसरे म्हणतात कोब्लेशननं, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सीच्या यंत्रानं करू, दुखणं कमी, शाळा लवकर. खर्च मात्र जवळजवळ दीडपट. दोघंही अनुभवी आहेत, म्हणून गोंधळ जास्त.

विचारायचं एवढंच : दोन्हींत खरा फरक काय? नंतर रक्त येण्याची भीती कितवर असते? घर गगनबावड्याच्या अलीकडे आहे, पावसात रस्ता बंद पडतो, तेव्हा जुलैमध्ये करावं की थांबावं? आणि घरी खायला-प्यायला, औषधाला काय पाहायचं?

घसा_आणि_सुरी

दोघंही बहुधा बरोबरच सांगतायत. फक्त ते एकाच ऑपरेशनबद्दल बोलतायत का, हे आधी विचारून घ्या. यंत्र कोणतं हा नंतरचा प्रश्न. टॉन्सिल कवचासकट काढणार, की कवच जागेवर ठेवून आतला गाभा काढणार, हा पहिला.

टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगाला पातळ तंतुमय कवच असतं, त्याच्या पलीकडे घशाचा स्नायू. कवचासकट काढलं की तो स्नायू उघडा पडतो. रक्तवाहिन्या तिथूनच आत शिरतात, दुखणंही तिथलंच. कवच ठेवून गाभा काढला तर स्नायूवर पांघरूण राहतं, दुखणं आणि उशिराचा रक्तस्राव दोन्ही कमी होतात. बदल्यात उरलेला अंश पुन्हा वाढू शकतो. शंभरातल्या मोजक्या मुलांत असं होतं आणि वय जितकं लहान तितकी शक्यता जास्त.

तुमच्या मुलाचं बघा. वारंवार घसा सुजतो म्हणून टॉन्सिल काढायचे तर सर्वसाधारण निकष असा : एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. त्यातही प्रत्येक वेळी १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, गळ्याला गाठी, टॉन्सिलवर पू यांपैकी काहीतरी कागदावर नोंदलेलं हवं. चार आणि तीन हे त्यात बसत नाही. म्हणजे ऑपरेशनचं खरं कारण घोरणं आणि श्वास अडणं हे आहे. अशा मुलाला कवचाच्या आतून काढणं हा रास्त पर्याय ठरतो, आणि ते काम कोब्लेशन किंवा मायक्रोडिब्रायडरनं (फिरत्या पात्याच्या यंत्रानं) होतं. ऑपरेशनचं कारण जंतुसंसर्ग असता तर मी कवचासकटच काढा म्हटलं असतं.

आता यंत्रांकडे. कोल्ड स्टीलमध्ये उष्णता वापरत नाहीत. टॉन्सिलच्या पुढच्या खांबावरचं (घशाच्या कडेच्या घडीवरचं) आवरण कापायचं, कवच आणि स्नायू यांच्यामधल्या सैल जागेतून टॉन्सिल वरून खाली सोडवत आणायचा, बुडाशी तारेच्या फासात पकडून तोडायचा, काही मिनिटं गॉज दाबून धरायचा आणि जी वाहिनी थांबत नाही ती दोऱ्यानं बांधायची. ऑपरेशनच्या वेळी रक्त जरा जास्त जातं, वेळ जास्त लागतो.

डायथर्मीत विजेनं जाळत कापतात. टेबलावर रक्त जवळपास जात नाही, पण त्या टोकाला काहीशे अंश तापमान असतं आणि आजूबाजूचा स्नायूही भाजतो. दुखणं त्यामुळे जास्त.

कोब्लेशनमध्ये सलाइनच्या थरातून रेडिओफ्रिक्वेन्सी जाते, सोडियमच्या आयनांचा प्लाझ्मा तयार होतो आणि तो पेशींना जोडणारे बंध तोडतो. तापमान साधारण ४० ते ७० अंश सेल्सिअस. जाहिरातीत 'वेदनारहित' लिहितात ते सोडून द्या. कवचासकटच काढायचं असेल तर कोब्लेशनचा फायदा पहिल्या दिवशी थोडा दिसतो, आठवड्यानं कोल्ड स्टीलच्या बरोबरीनंच दुखतं. दुखणं कमी होतं ते मुख्यतः कवच राखल्यामुळे. लेसरचं नाव कुणी काढलं तर टॉन्सिलसाठी त्यानं वेगळं काही साधत नाही.

रक्तस्रावाचा सर्वांत मोठा हिशेब इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली झाला. सुमारे ३४ हजार रुग्ण. एकूण ३.५ टक्क्यांना नंतर रक्त आलं, ०.९ टक्क्यांना त्यासाठी परत ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) न्यावं लागलं. उष्णतेच्या पद्धतींत, कोब्लेशन धरून, हे प्रमाण कोल्ड स्टील अधिक दोरा या जुन्या पद्धतीच्या साधारण तिप्पट निघालं. कारण सरळ आहे. भाजलेल्या जागेची खपली जाड आणि खोल असते, ती सुटताना खालची वाहिनी उघडी पडू शकते. हा हिशेब मुख्यतः कवचासकट काढलेल्यांचा आहे, कवचाच्या आतल्या कोब्लेशनला तो जसाच्या तसा लावू नका.

म्हणून दोघांनाही तीन गोष्टी विचारा. कवच राहणार का? या पद्धतीनं तुम्ही महिन्याला किती करता? रात्री दोन वाजता रक्त आलं तर कोण येणार? तिसऱ्याचं उत्तर ज्यांच्याकडे स्पष्ट आहे त्यांच्याकडे जा. खर्चातला फरक मग बघता येईल.

ओटी_कट्टा

वरच्या उत्तराला ओटीच्या बाजूनं जोड देतो.

कोब्लेशनचा खर्च वाढतो तो वँडमुळे, म्हणजे यंत्राच्या हातात धरायच्या कांडीमुळे. ती एका रुग्णापुरती बनवलेली असते. पुन्हा वापरली की टोकाच्या तारा झिजतात, सलाइनची नळी आणि सक्शन तुंबतात, प्लाझ्मा नीट धरत नाही आणि मग हात जास्त दाबला जातो. दाबलं की खोल जातं. कोब्लेशनचे पैसे देणार असाल तर वँड नवी, सीलबंद आहे का आणि बिलात वेगळी लावणार का, हे आधीच विचारा. त्यात लाजायचं काही नाही. मशीनवर ताकदीचा आकडा कापायला साधारण ७ आणि रक्त थांबवायला ३ ठेवतात. सलाइन संपली किंवा थेंब मंदावला की वँड तापते, त्यामुळे पिशवीवर नजर ठेवणारा माणूस लागतो.

कोल्ड स्टीलच्या ट्रेमध्ये तोंड उघडं धरणारा बॉयल-डेव्हिस गॅग, डेनिस ब्राउन फोर्सेप्स, डिसेक्टर, ईव्हचा स्नेअर, नेगस फोर्सेप्स आणि दोरा पुढे सरकवायचा नेगस पुशर एवढं असतं. खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकतात, म्हणजे रक्त श्वासनलिकेकडे न जाता नाकामागे साठतं. म्हणूनच शेवटी पडजिभेमागे सक्शन घालून तिथली गुठळी काढणं हा चुकवायचा टप्पा नाही. ती राहिली आणि भुलेची श्वासाची नळी काढल्यावर खाली घसरली तर श्वास बंद होतो. गॅग काढण्याआधी एकदा ढिला करून थांबतात, कारण ताणामुळे दबलेली शीर ढिलाईत वाहायला लागते. गॉज मोजून घ्यायचे, दोनदा.

गॅगच्या जिभेवरच्या पट्टीनं काही मुलांची जीभ एक-दोन दिवस बधिर किंवा सुजलेली राहते, चव वेगळी लागते. घाबरण्यासारखं नसतं.

भूल_राजारामपुरी

सहा वर्षांचं मूल म्हणजे पुढचे दात हलायच्या वयातलं. कुठला दात हलतोय ते भूलतज्ज्ञाला आधी दाखवा. गॅग दातांवरच टेकतो, आणि निखळलेला दात फुप्फुसात जाण्यापेक्षा आधीच काढून डबीत दिलेला बरा.

घोरणाऱ्या मुलांचा मुद्दा वेगळा आहे. रात्री ऑक्सिजन कमी पडायची सवय झालेली मुलं मॉर्फिनसारख्या औषधांना जास्त संवेदनशील असतात. नेहमीच्या मात्रेतही श्वास मंदावतो. त्यामुळे अशा मुलाला ऑपरेशननंतर किमान एक रात्र पल्स ऑक्सिमीटर लावून रुग्णालयात ठेवायला सांगा, 'संध्याकाळी घरी' हे पॅकेज नको. तीन वर्षांखालच्या किंवा श्वास फार अडणाऱ्या मुलांना तर नक्कीच नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं किंवा दुखण्याचं औषध १२ वर्षांखाली बाद आहे. ट्रॅमाडॉलही टॉन्सिलनंतर मुलांना देत नाहीत.

उपाशी ठेवताना जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. रात्री दहापासून सकाळी अकरापर्यंत पाण्याविना ठेवलं की मूल कोरडं पडतं, शीर सापडत नाही आणि नंतर उलट्या जास्त होतात. ऑपरेशनमध्ये डेक्सामेथासोनचा एक डोस दिला की उलट्या आणि दुखणं दोन्ही उतरतं. तो देणार ना, एवढं विचारा. ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत ताप किंवा छातीतला कफ झाला असेल तर लपवू नका, तारीख पुढे जाते इतकंच.

रक्ताच्या तपासण्या सगळ्या करून घेतात, पण त्याहून उपयोगी प्रश्न घरच्यांना विचारायचे : दात पडल्यावर रक्त बराच वेळ वाहतं का, अंगावर उगाच काळेनिळे डाग येतात का, आई-मामा यांच्यात कुणाला बाळंतपणात किंवा दात काढताना फार रक्त गेलं होतं का.

घाटवाट

कळलं. कवचाचं कुणीच बोललं नव्हतं, उद्या विचारतो. पावसाचं कुणी सांगेल का? आणि ते पांढरं पांढरं दिसतं म्हणतात घशात, तो पू असतो का?

घसा_आणि_सुरी

पू नाही. त्वचेवर खपली धरते तशी ओल्या जागेत ती पांढरी-पिवळी साय धरते. दुसऱ्या दिवसापासून दिसते, तोंडाला वास येतो. त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही आणि ती कापसानं पुसायची तर मुळीच नाही. दुखणं तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान परत वाढतं, हे आधी माहीत असलं की घरात घबराट होत नाही. कानही दुखतो. कानात काही बिघडलेलं नसतं, घशाची आणि कानाची चेता एकच आहे. पहिल्या दोन दिवसांत बारीक ताप चालतो. तिसऱ्या दिवसानंतर १०१ च्या वर गेला तर दाखवा.

रक्ताचं सांगतो. पहिल्या २४ तासांतलं रक्त रुग्णालयातच कळतं. घात करतं ते पाचव्या ते दहाव्या दिवसातलं, साय सुटते तेव्हाचं. म्हणून तुमच्या घराचा मुद्दा कोब्लेशनच्या मुद्द्याइतकाच मोठा आहे. मांडुकलीजवळ पाणी आलं की गगनबावडा रस्ता बंद. पाचव्या दिवशी मूल तिकडं आणि डॉक्टर इकडं, हे होऊ द्यायचं नाही.

दोन वाटा आहेत. श्वास अडण्याचा प्रकार फार तीव्र नसेल तर थांबता येतं. २०१३ साली अमेरिकेत ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवर झालेल्या चाचणीत सात महिन्यांनी ऑपरेशन केलेल्यांपैकी ७९ टक्क्यांची झोपेची तपासणी नॉर्मल आली, पण नुसतं लक्ष ठेवलेल्यांतही ४६ टक्क्यांची आली. ऑक्सिजन फार उतरणारी मुलं त्या चाचणीत नव्हती, हे ध्यानात ठेवा. म्हणजे रात्रभर ऑक्सिमीटर लावून आकडे बरे असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं नाकातला स्टेरॉइड स्प्रे सुरू करून दसरा-दिवाळीपर्यंत थांबण्यात वावगं नाही. आकडे वाईट असतील, वाढ खुंटली असेल, दिवसा पेंगत असेल, तर जुलैतच करा आणि पहिले बारा दिवस कोल्हापुरात पाहुण्यांकडे राहा.

रक्त आलंच तर मुलाला बसवा, पुढे वाकवा, रक्त गिळू न देता भांड्यात थुंकायला लावा. भांडं सोबत न्या, किती गेलं ते दिसतं. आडवं झोपवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण परत भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फक्त सलाइन लावून घेण्यापुरतं थांबा, वाटेत दुसरीकडे दाखवत बसू नका. थुंकीत गुलाबी रेघ आणि ताजा लाल घोट यांतही फरक आहे. रेघ दिसली तर फोन करायचा, घोट आला तर निघायचं. 'थांबलं' म्हणून घरी बसू नका, मोठ्या रक्तस्रावाआधी असं छोटं रक्त येऊन जातं. झोपेत मूल सारखं गिळतंय, किंवा उलटीत काळसर कॉफीसारखं पडलं, तर आत रक्त चाललंय असं धरा. १८ किलोच्या मुलाच्या अंगात रक्त सारं मिळून दीड लिटरच्या आत असतं, मोठ्या माणसाचा हिशेब लावू नका.

पथ्य_पाणी

खाण्याबद्दल गैरसमज फार. आइस्क्रीमवर आठवडा काढायचा नसतो. सगळ्यात महत्त्वाचं पाणी. १८ किलोला दिवसाला साधारण १४०० मिली द्रव लागतो, दूध-पेज-ताक-सरबत सगळं धरून. दर जागत्या तासाला शंभर मिली, हे लक्षात ठेवायला सोपं. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा गडद झाली तर कमी पडतंय. कोरडा घसा जास्त दुखतो, जास्त दुखला की मूल गिळत नाही, आणि याच फेऱ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी सलाइनला आणावं लागतं.

पहिले दोन-तीन दिवस गुरगुट्या भात तूप घालून, पेज, नाचणीची आंबील (ताक आंबट नको), शिकरण, दूध कोल्ड्रिंक. मग मऊ भात-वरण, इडली, दुधात भिजवलेली चपाती. लिंबू, चिंच, टोमॅटोचं सार झोंबतं. तांबड्या रश्शाचं विचारूच नका. पांढरा रस्सा 'तिखट नाही' म्हणून पाजतात, पण त्यात मिरी असते, तोही दोन आठवडे नको. चिवडा, फरसाण, भडंग, कडक भाकरीचा पापुद्रा टाळा.

घसा_आणि_सुरी

इथं थोडा मतभेद. फक्त मऊच द्या याला फारसा आधार नाही. चावणं आणि गिळणं सुरू राहिलं की जबड्याचे स्नायू आखडत नाहीत, साय वेळेवर सुटते. तिसऱ्या दिवसापासून मूल स्वतः साधी चपाती मागत असेल तर द्यावी. भडंगाबद्दल मात्र सहमत.

तालीम_मंडळ

याच धाग्यात विचारतो. भाऊ २४ वर्षांचा, कुस्ती करतो. टॉन्सिलच्या बाजूला पू होऊन दोनदा काढावा लागला. आता ऑपरेशन सांगितलंय. मोठ्या माणसाला कोणती पद्धत, आणि मेहनत कधी सुरू करायची?

घसा_आणि_सुरी

दोनदा पू झालाय म्हणजे कवचासकटच काढायचं, गाभा काढून भागणार नाही. शेवटचा पू निचरून साधारण सहा आठवडे जाऊ द्यावेत. वरच्या टोकाला कवच आणि स्नायू चिकटलेले असतात, तिथं सोडवायला अवघड जातं आणि रक्तही तिथंच जास्त येतं. मला अशा ठिकाणी दोऱ्यावर भरवसा वाटतो, पण ज्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते त्यांनी वापरावं.

मोठ्यांना मुलांपेक्षा जास्त दुखतं आणि रक्तस्रावाचं प्रमाणही जास्त. दहा ते चौदा दिवस धरा, चार-पाच किलो वजन उतरलं तर नवल नाही. जोर-बैठका, मानेचा पूल, लढत, वजन उचलणं तीन आठवडे बंद. श्वास रोखून जोर लावला की डोक्याकडच्या शिरांतला दाब वाढतो आणि साय सुटायच्या दिवसांत तोच नडतो. थंडाई गाळून, मिरी न घालता चालेल. अॅस्पिरिन आधी दहा दिवस बंद, आणि जिमच्या डब्यांतली पावडर-गोळी जी काही चालू असेल ती भूलतज्ज्ञाला दाखवावी. एकच बाजू मोठी असेल तर काढलेला टॉन्सिल तपासणीला पाठवायला सांगा.

औषध_शाहूपुरी

मात्रेत गडबड काउंटरवर रोज दिसते, म्हणून लिहितो. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, दिवसात चारच वेळा. १८ किलोला २७० मिलिग्रॅम. पण बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात : ५ मिलीत १२५ आणि ५ मिलीत २५०. दुसरीतून ५ मिली पुरतं, पहिलीतून दहा लागतं. घरात जुनी बाटली असते आणि चिठ्ठी नव्या बाटलीची, तिथं निम्मा किंवा दुप्पट डोस जातो.

आयबुप्रोफेन किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत, आठ तासांनी, पोटात काही असताना. मूल पाणी पीत नसेल तर नको, मूत्रपिंडावर ताण येतो. काही सर्जन रक्तस्रावाच्या शंकेनं ते देत नाहीत, चिठ्ठीत नसेल तर स्वतःहून आणू नका. ज्या सिरपमध्ये दोन्ही एकत्र असतात ते दिलं आणि वर पॅरासिटामॉल वेगळं दिलं की पॅरासिटामॉल दुप्पट होतं. मेफेनॅमिक अॅसिडचं सिरप तापासाठी घरात असतंच, ते आयबुप्रोफेनच्याच जातीचं, दोन्ही एकत्र नकोत. निमेसुलाइड १२ वर्षांखाली भारतात बंद आहे. अॅस्पिरिन अजिबात नको.

पहिले पाच-सहा दिवस घड्याळ लावून द्या, रडल्यावर नको. जेवणाआधी अर्धा तास दिलं की गिळणं सोपं जातं. रात्रीचा डोस चुकला की सकाळी मूल तोंड उघडत नाही.

घाटवाट

दोन्हीकडे फोन झाला. कोब्लेशनवाले कवच ठेवून करणार होते, कोल्ड स्टीलवाले कवचासकट. आधी रात्रीचं ऑक्सिमीटर करतोय. विम्याचं कुणाला माहीत आहे?

औषध_शाहूपुरी

बहुतेक पॉलिसींत टॉन्सिल-अॅडेनॉइडला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, तारीख पक्की करण्याआधी पॉलिसीचं ते पान वाचा. वँडचा खर्च मंजूर होतो का हेही लेखी घ्या. सरकारी योजनेत बसतं का ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि मुलाचं आधार दाखवून विचारा. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही कान-नाक-घसा विभाग आहे, तिथं बाह्यरुग्णला सकाळी लवकर नंबर लावा.